कढीपत्त्याखालची माहेरची माती

आमच्या नाशिक रोडच्या सोसायटीत गच्चीचं सगळं पाणी एका पाइपातून खाली येतं, आणि तो पाइप संपतो नेमका माझ्या दारापुढं. तळमजल्याची हौस मलाच होती, त्यामुळे बोलायची सोय नाही. पाऊस लागला की दाराशी तळं, आणि तळ्याकाठी माझा कढीपत्ता. झाड कसलं, अख्ख्या बिल्डिंगची फोडणी आहे ती!

एक दिवस सेक्रेटरी म्हणाले, "काकू, झाड काढू, पेव्हर ब्लॉक बसवू. उतार केला की पाणी गेटबाहेर."

"आणि गेटबाहेर तळं झालं की तिथलं कुणाचं झाड काढाल?"

मोबाइलवर मी बघितलं होतं, पाणी मुरवायचा वाफा करतात. खोलगट खड्डा, तळाला खडी, वर माती, मातीत झाडं. पाणी गाळून निघतं आणि जमिनीत जातं. सेक्रेटरी म्हणाले, "करा. पण सकाळच्या पावसाचं पाणी संध्याकाळी दिसलं, तर ब्लॉक बसणार."

माती कुठली घ्यायची, हा काय प्रश्न झाला? माहेर नामपूरकडचं. धाकट्या भावाला फोन केला, तो पिकअपभर काळीभोर माती घेऊन हजर. "आक्का, हाई माती नही, सोनं शे सोनं!" आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे मूळचे शेतकरी. काळी माती दिसली की हात आपोआप खाली जातो. जो तो मूठ उचलून वास घेतोय, वा वा म्हणतोय. सेक्रेटरीसुद्धा. कढीपत्त्याभोवती खणलेला खड्डा काठोकाठ भरला आम्ही.

मग पाऊस झाला. सोनं जे फुगलं, जे चिकटलं, थेंब खाली सोडीना. संध्याकाळी सेक्रेटरी येऊन बघून गेले. "काकू, म्हैस कधी आणताय?"

पिकासाठी पाणी धरून ठेवते म्हणून तर त्या मातीचं कौतुक, आणि मला हवी होती पाणी सोडणारी! हे आमच्या एवढ्या शेतकऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये?

मी म्हटलं, "पोरांना एटीकेटी मिळते, मला नाही का?" हसले, म्हणजे मिळाली.

मग ओट्यावर माझी प्रयोगशाळा. प्लास्टिकच्या बाटल्यांचे तळ कापले, तोंडाला फडकी बांधली, उलट्या टांगल्या. एकीत नुसती वाळू. पाणी धाडकन खाली, जसं गढूळ गेलं तसंच गढूळ आलं. एकीत शेणखत जास्त, खाली ठेवलेल्या पेल्यात तपकिरी पाणी. आमचे हे चहा समजून पेला उचलायला निघाले. "अहो, थांबा!" म्हणून ओरडले. शेवटी जमलं ते असं: धुतलेली जाड वाळू भरपूर, थोडं जुनं शेणखत, आणि काळी माती मूठभर, झाडाला ओल राहावी एवढीच. खड्डा उपसून हेच भरलं. ह्यांना माती पायानं दाबायची खोड, म्हणून वाफ्याभोवती दोरी बांधली.

भाऊ बघायला आला तो फुगलाच. "आक्का, आठे कांदा बी येवाव नही!"

"कांदा लावायचाच नाही रे. पाणी घालवायचंय."

"मग मनी माती कोठे शे?"

मी वर बोट दाखवलं. गॅलऱ्या-गॅलऱ्यांतून त्याच मातीनं कुंड्या भरल्या होत्या. गडी जरा निवळला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी धो धो कोसळला. पाइप फेसाळत होता. थांबल्यावर सेक्रेटरी, भाऊ आणि मी वाफ्याकडं बघत उभे. चहा गार झाला, कुणी प्यायला नाही. पाणी आधी कडेनं सरकलं, मग मधून, आणि दुपारची जेवणं व्हायच्या आत नुसती ओली वाळू.

"गेलं," सेक्रेटरी म्हणाले. थोडे हिरमुसलेच.

"मग ब्लॉक?"

ते दोरी ओलांडायला नको म्हणून बाहेरूनच वाकले, हात लांबवून कढीपत्त्याची एक काडी तोडली. "हिनं पोह्यांना मागितलाय," म्हणाले आणि जिना चढायला लागले.