सगळ्यात कमी किती

मजुरीवर संशोधन करणाऱ्या माणसाला एक आगाऊ प्रश्न विचारावाच लागतो: सगळ्यात कमी किती मिळालं तरी कामाला याल? तंजावूरच्या कॉलेजात हा प्रश्न शिकवताना मी फळ्यावर झोकात आकृती काढते. पापनाशमच्या बांधावर, आईच्या वयाच्या बाईला तोच विचारताना माझी जीभ अडखळली.

ही बाई भातलावणीच्या टोळीची म्होरकी. वीसेक बायका तिच्या शब्दावर चिखलात उतरतात. पण आता आजूबाजूच्या शेतांत बंगालहून आलेली माणसं एकरावर ठेका घेऊन झपाट्यानं लावणी उरकतात. तिच्या दोन्ही मुली कधीच तिरुप्पूरला शिलाईच्या कारखान्यात गेल्या. तिनं आधी प्रश्न टाळला. मग तमिळमध्ये, लेकीला म्हणावं तसं 'कण्णु' म्हणत विचारलं, "कण्णु, हे कुणाला कळणार नाही ना?" मी छातीवर हात ठेवून नाही म्हटलं, तेव्हा कुठे तिनं आकडा सांगितला. मागणार होती त्याच्या बराच खालचा.

दुपारी ती माझ्या मामाच्या अंगणात, त्याच्या शेतातल्या लावणीची यंदाची मजुरी ठरवायला आली. मी तिथेच कॉफी पीत होते. पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेल्या आमच्या मराठी घरांतून एक जुनी खोड आहे: तमिळ माणसासमोर गुपित बोलायचं असलं की खुशाल मराठीत बोलायचं. मामानं तिच्यादेखत मला विचारलं, "केवढ्यापर्यंत उतरंल गे ही? तुला ठावं असंल की."

मी सांगून टाकलं. मामाला खूश करायचं होतं, आणि मला किती माहीत आहे तेही मिरवायचं होतं. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मामानं नेमका तोच आकडा पुढे केला. दरवर्षी ती तासभर हुज्जत घालते. या वेळी नुसतं "सरि", बरं, एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे वळली.

"लग्नाअगोदर आठ वरसं ह्याच घरांत भांडी घासली मी, कण्णु," ती आमच्या मराठीत म्हणाली. मामा खाली बघू लागला.

टोळीतल्या बायका फाटकाबाहेर थांबल्या होत्या. तिनं मजुरी सांगताच एक जण ओरडली, "एवढ्यालाच कबूल झालीस?"

"माझीच चूक," ती त्यांना म्हणाली. "मी बोलून गेले."