सावित्रीबायची यादी

सत्ता कशी असते हे पाहायला दिल्लीला जायची गरज नाही. भाट्याचा पूल ओलांडून आमच्या वाडीत यावं आणि सावित्रीबाय संगणकासमोर चष्मा पुसत असताना पडवीत गप्प बसावं. मी बसलो आहे. श्वाससुद्धा बेताने घेत होतो.

सावित्रीबायने एकतीस वर्षं टपाल खात्यात पत्रं लावली. निवृत्त झाल्यावर मंडळाने वाडीची ईमेलची यादी तिच्या हवाली केली. यादीत तीनशे बारा माणसं. निम्मी मुंबईत, बरीचशी बोटींवर. भर समुद्रात व्हॉट्सअ‍ॅप रुसतं, पण साधी ईमेल पोचते. म्हणून दर सोमवारी तिचं पत्र जातं: कोणाकडे बारसं, कोण गेलं, कोणाची गाय व्याली आणि शिमग्याची पालखी कोणाच्या घरी कधी येणार. त्या तारखेवर आमचे खलाशी रजा मागतात.

नियम एकच. नाव घालायचं की काढायचं, ते ज्याचं त्याने लिहायचं. घालताना ती उलट विचारते आणि 'होय' आल्याशिवाय नाव चढत नाही. सख्खा जावई 'होय' लिहायला विसरला, तो तीन आठवडे बाहेर राहिला. काढताना मात्र एका शब्दाने विचारत नाही. त्याच दिवशी नाव जातं.

यंदा पालखीचा क्रम ठरला आणि पहिलं घर निघालं मंडळाचे अध्यक्ष धाकूशेठ यांचं. आफ्रिकेजवळच्या कुठल्याशा बोटीवरून आमच्या वाडीतल्या संदेशने सगळ्यांना उत्तर धाडलं, "अध्यक्षांच्या अंगणात देवाला सावली जास्त मिळते काय?" वाडी आठवडाभर हसली. धाकूशेठना ते चहाच्या टपरीवर कळलं.

सोमवारी ते सावित्रीबायच्या पडवीत उभे. तिथे मी होतो आणि संदेशची आई गंगुबाई होती. ती दर सोमवारी येते, पत्राच्या शेवटी मुलासाठी एक ओळ घालायला. तिच्याकडे दुसरी वाट नाही.

"सावित्रीबाय, त्या संदेशचं नाव काढ."

"त्याने लिहिलंय?"

"मी सांगतोय."

"तुम्ही कधीपासून संदेश?"

गंगुबाईचं पान चघळायचं थांबलं.

"नायतर यादी दुसऱ्याकडे देऊ," धाकूशेठ म्हणाले.

"द्या. पासवर्ड लिहून देते. पण एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याचं पत्र मी कधी अडवलं नाय. तुम्हाला तर हा नियम माहीत आहे." आणि तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला.

मी मान लांब केली. गेल्या गणपतीतली ईमेल होती, खुद्द धाकूशेठची: 'या फालतू बातम्या मला नकोत. माझे नाव ताबडतोब काढा.' खाली तिचं उत्तर, त्याच दुपारचं: 'काढले.'

रागाच्या भरात लिहून ते साफ विसरले होते. आणि दर मंगळवारी टपरीवर तिच्यासमोर मान डोलावत होते, "वाचलं, वाचलं. छान लिहिलंयस हो."

सहा महिने ते "वाचलं" सावित्रीबायने ऐकून घेतलं आणि ब्र काढला नाही. माझ्या पोटात ही गोष्ट सहा मिनिटं राहिली नसती. मी छापतोय, कारण धाकूशेठ वाचणार नाहीत याची मला खात्री आहे.

ते बाकावर बसले. म्हणाले, "मग... माझं नाव घाल गो."

"लिहून धाडा."

फोनवर एका बोटाने त्यांनी लिहिलं. तिने उलट विचारलं.

"होय," धाकूशेठ म्हणाले.

"तोंडाने नको. तोंडाने तुम्ही बरंच काय काय सांगता."

त्यांनी 'होय' टाइप केलं. यादी तीनशे तेरा झाली. संदेश होता तिथेच राहिला. सावित्रीबायने चष्मा नाकावर चढवला आणि ती गंगुबाईकडे वळली.

"हां, सांग. तुझा पाय कसा आहे म्हणून लिहू?"

"बरा आहे म्हण," गंगुबाई म्हणाली, "आणि पालखीची तारीख जरा मोठ्या अक्षरात घाल."