आल्वा टटलचा खण

व्हर्लिन स्ट्राउड जुने खिशातले चाकू जमवायचा. नावाजलेल्या कंपन्यांकडे तो ढुंकूनही बघत नसे. "ते काय, कुणाकडेही असतात," म्हणायचा. त्याला हवे असत आमच्या डोंगराळ भागातल्या, कधीच्याच बंद पडलेल्या लहान कारखान्यांचे. चाकूंच्या प्रदर्शनात वीस वर्षं माझं टेबल त्याच्या शेजारी असे, त्यामुळे त्याचा हा नाद मी जवळून पाहिला.

त्याचा सगळ्यात जास्त जीव होता तो क्लोव्हर रनच्या चाकूंवर. हा कारखाना एकोणीसशे एकतीस साली बंद पडला. पात्याच्या बुडाशी तीन पानांचा बारीक शिक्का, मुठीला तपकिरी हाड. तिथे काम केलेला एकच माणूस हयात होता, आल्वा टटल. वय अठ्ठ्याऐंशी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटाच राहायचा. त्याच्या स्वयंपाकघरातल्या एका खणात क्लोव्हर रनचे चाळीसेक चाकू होते, काही तर कधी न उघडलेले.

व्हर्लिन पहिल्यांदा गेला तेव्हा सगळा खणच मागितला. म्हातारा हसला. "एका वेळी एकच मिळेल. बस, कॉफी घे."

मग दर महिन्याला हेच. व्हर्लिन पिकअप घेऊन जायचा, आल्वा ॲपल पाय कापून ठेवायचा आणि कारखान्यातल्या गोष्टी सुरू करायचा. व्हर्लिनचं लक्ष खणाकडे.

"हे बघ," आल्वा एकदा म्हणाला, "चाकूच्या पाठीच्या पट्टीला आतून कानशीची खाच आहे ना? प्रत्येक कारागिराची वेगळी. दोन आडव्या म्हणजे—"

"काका, पुढच्या वेळी सांगा. रस्त्यावर बर्फ पडायला लागलाय."

"पुढच्या वेळी, पुढच्या वेळी! अरे, मी काय शंभर वर्षं जगणार आहे?"

"तुम्ही मला पुरून उराल," व्हर्लिन म्हणाला आणि चाकू खिशात टाकून निघाला. माझ्यापाशी येऊन कुरकुरला, "भलता चिकट म्हातारा आहे. एकेक करून देतो. जीव काढतो नुसता."

अशी दीड वर्षं गेली. मग आल्वा अंगणात पडला, खुब्याचं हाड मोडलं. त्याची पुतणी रोझेला हिने त्याला वृद्धाश्रमात ठेवलं आणि घर रिकामं करायला घेतलं. तिनेच व्हर्लिनला फोन केला. खणात चोवीस चाकू उरले होते, ते सगळे एकाच दुपारी त्याच्या हाती आले. त्या दिवशी तो इतका खूश होता की त्याने प्रदर्शनातल्या आम्हा सगळ्यांना मासे खाऊ घातले आणि बिअर पाजली.

वृद्धाश्रम त्याच्या घरापासून वीस मिनिटांवर होता. तो गेला नाही. मुद्दाम टाळलं असंही नाही, जायचं काही कारणच उरलं नव्हतं.

आल्वा त्यानंतर अकरा महिने जगला.

दफनाला जेमतेम नऊ माणसं होती. नंतर चर्चच्या तळघरात सँडविच खाताना रोझेला व्हर्लिनजवळ आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच त्याला जास्त लागलं.

"महिन्याच्या पहिल्या शनिवारी काका दाढी करून बसायचे. नर्सला सांगायचे, आज व्हर्लिन येईल. मी म्हटलं, काका, चाकू संपले हो, आता कशाला येईल तो? तर मलाच रागावले. म्हणाले, तू सगळे का देऊन टाकलेस? मी ते पुरवून पुरवून देत होतो."

व्हर्लिनच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं.

घरी जाऊन त्याने सगळे क्लोव्हर रन टेबलावर मांडले, भिंग घेतलं आणि पट्ट्या आतून तपासल्या. खाचा होत्या. एक, दोन आडव्या, एक तिरकी, कुठे फुलीसारखी. कुठली खाच कुणाची, सांगणारं कुणी नाही. गावच्या वाचनालयात त्याला कामगारांची नावं सापडली, तेवीस. नावं एका कागदावर, खाचा दुसऱ्यावर. त्यांचा मेळ काही बसला नाही.

"मी त्याला चिकट म्हणालो होतो," तो मला म्हणाला. "तुझ्यासमोरच म्हणालो होतो."

मीही हसलो होतो तेव्हा.

चाकू घेणं त्याने सोडलं नाही. पण आता कुणा म्हाताऱ्याच्या घरी गेला की लवकर उठत नाही. दोन-दोन कप कॉफी पितो, शेतीचं ऐकतो, गुडघेदुखीचं ऐकतो. बायको वैतागते, "चाकू आणायला गेला होतास की राहायला?" त्या घरांतली माणसं भली असतात, खूप बोलतात. पण क्लोव्हर रनमध्ये काम केलेलं त्यांच्यात कुणी नसतं.