कार्ड फिरवल्यावर

रफूवाल्यांचा एक नियम होता: कापड हातात आलं की आधी ते फिरवून पाहायचं. दोष कापडात असेल तर तो कापडाबरोबर फिरतो. उजेडाचा खेळ असेल तर जागच्या जागी राहतो. चाळीस वर्षं या नियमाने त्यांना दगा दिला नव्हता. त्यांनी रफू केलेल्या कोटात भोक कुठे होतं, ते मालकालाही सापडत नसे.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली नको त्या नव्या रक्तवाहिन्या वाढल्या आणि पाझरू लागल्या. पूर्वी अशा डोळ्यावर पाणी सोडावं लागे. आता डोळ्यात इंजेक्शन देऊन पाझर थांबवता येतो. आधी दर महिन्याला सुई होती, मग चार-चार महिने टिकणारं नवं औषध आलं. ते देताना डॉक्टरीणबाईंनी एकच अट घातली. बारीक चौकटींचं एक कार्ड दिलं. रोज सकाळी चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे पाहायचं. रेघ वाकडी दिसली तर त्याच दिवशी यायचं.

मुलीने ते दुकानात, शिवणाच्या टेबलासमोर टाचणीने लावलं. शाळेत शिकवायला जाता जाता ती रोज विचारायची, "बाबा, कार्ड पाहिलं का?"

"पाहिलं. तुझ्या आईने जन्मभर माझा वाकडेपणा शोधला, तिला कधी कार्ड लागलं नाही."

पाहत ते खरंच होते, पण दोन्ही डोळे उघडे ठेवून. एक डोळा झाकून बघायला आपण काय नेमबाज आहोत, असं त्यांना वाटे. आळशी माणसाचं काम शेजारच्याने मुकाट्याने ओढावं, तसा डावा डोळा उजव्याचं उणं झाकत राहिला.

मग एक कोट परत आला. वकीलबाई जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी तो संकोचाने टेबलावर ठेवला आणि "काका, तब्येत बरी आहे ना?" एवढंच विचारलं. कोपरावरचं रफू विणीला सोडून तिरकं गेलं होतं. रफूवाल्यांनी कापडाला नावं ठेवली, दिव्याला नावं ठेवली. मग कोट फिरवला. तिरकेपणा कोटाबरोबर फिरला.

बाई गेल्यावर ते कार्डासमोर उभे राहिले आणि प्रथमच त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. मधल्या रेघा सैल दोरीसारख्या खाली आल्या होत्या. ठिपक्याच्या जागी राखेसारखा डाग होता.

"छपाईच खराब," ते पुटपुटले.

टाचणी काढून त्यांनी कार्ड खिडकीपाशी नेलं. आडवं केलं. डाग जिथल्या तिथे. उलटं केलं. तिथेच. कार्ड फिरत होतं, दोष फिरत नव्हता.

त्याच दुपारी मुलीने त्यांना दवाखान्यात नेलं. स्कॅनमध्ये पडद्याखाली पाणी दिसलं. इंजेक्शन दिल्यावर डॉक्टरीणबाईंनी कधीपासून, असं विचारलं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले.

"कोट दिला त्याला बारा दिवस झाले. त्याआधीचं मला माहीत नाही."

त्या रागावल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. "पाणी ओसरेल," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण तेवढ्या दिवसांत मधला भाग जितका मेला, तितका आमच्या कुठल्याच औषधाने परत येत नाही. आता डाव्याला जपा. तोही याच वाटेने जाऊ शकतो."

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेला उशीर करून दुकानात थांबली. रफूवाल्यांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठिपक्याकडे पाहिलं.

"सरळ आहेत?" तिने विचारलं.

"आहेत."

तिने पिशवी खांद्याला लावली. ती दारापर्यंत पोहोचली, तेवढ्यात मागे टाचणी काढल्याचा बारीक आवाज झाला. तिने वळून पाहिलं. बाबा कार्ड आडवं करत होते, मग उलटं, मग पुन्हा आडवं.

सरळ दिसणारं कार्ड कुणी फिरवून पाहत नाही. मुलीने पिशवी खाली ठेवली.