दांडीवरचा शॉकअप

डेपोतले लोक त्याला मिस्त्री म्हणत. डेपो सुटला तरी नाव सुटलं नाही. बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना "आमचे मिस्त्री" असंच म्हणायची. बसच्या पोटाखालचं सगळं त्याच्याकडे असायचं. पाटे, धक्के झेलणारे शॉकअप, चाकांचे एक्सल. खड्ड्यात उतरायचं, वर तोंड करून उभं राहायचं आणि हवेच्या गनने नट सोडायचे, नट आवळायचे. गन अशी थरथरायची की दात वाजायचे. उमेदीची सगळी वर्षं ती थरथर त्याच्या हातांतून गेली. पुढे पुढे सकाळी गार पाण्यात हात घातला की बोटं मेणासारखी पांढरी पडायला लागली. मग मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्याही येईनाशा झाल्या, तेव्हा त्याला वाटलं, सुटलो एकदाचा.

डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले.

"टोचतंय?"

"टोचा की."

"टोचून झालं, मिस्त्री."

त्यावर तोच आधी हसला. डॉक्टर हसले नाहीत. मेलेल्या नसा परत येत नाहीत, एवढं सांगून त्यांनी सुई ठेवून दिली. डेपोने आधी हलकं काम दिलं, मग रजा दिली, मग घरी बसवलं. घरी त्याने सांगितलं, "पाठ गेली." पाठ जाणं हे कुणालाही समजतं. बोटं शाबूत दिसत असताना ती गेली म्हणून सांगायचं कसं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ बायको शिंप्याच्या कपड्यांना काजं-बटणं करत बसे आणि समोरच्या पलंगावर मिस्त्री. सकाळी जो खळगा गादीवर पडे, तो संध्याकाळपर्यंत तिथेच. येणारा-जाणारा विचारी, "काय मिस्त्री, आराम?" हा शब्द त्याला शिवीसारखा लागायचा.

या पलंगावरून त्याला उठवलं ते धाकट्या भावाने. दोन गल्ल्या सोडून भावाचं रिमोटच्या गाड्यांचं दुकान होतं. पळणाऱ्या नव्हे, चढणाऱ्या गाड्या. हातभर लांबीची गाडी, फुगीर चाकं, आणि खडकावरून पालीसारखी सरपटत वर जाणारी. शौकीन लोक सुट्टीच्या दिवशी जुन्या दगडखाणीत जमून त्या चढवत.

"दादा, शॉकअप बसवायचेत," भाऊ सुट्या भागांचा डबा घेऊन आला. "तुझंच काम आहे. फक्त लहान झालंय."

मिस्त्रीने एक दांडी उचलली. गाडीचा सांगाडा आणि एक्सल यांना जोडणारी ही दांडी. दुकानात तिला लिंक म्हणत. शॉकअपसाठीचं भोक दांडीच्या मध्यावर पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे कुठल्या शहाण्याने पाडलं? दांडी ढकलायला-ओढायला असते. तिच्या कमरेवर भार टाकलास तर मोडेल. शॉकअप एक्सलवर बसवायचा असतो. डेपोत असं केलं असतंस तर तुलाच खड्ड्यात गाडला असता."

"बस दगडावर चढते का?"

"चढली होती एकदा. चालक झोपला होता."

खिडकीपाशी बायकोही हसली. मग भावाने नीट सांगितलं. शॉकअप एक्सलवर लावला तर त्याची धाव संपते तिथेच चाकाची संपते. तोच दांडीच्या मध्यावर लावला, की तो थोडा हलला तरी दांडीचं टोक पुष्कळ हलतं. चाक खोल फटीतही टेकतं आणि गाडीचं पोट खाली राहतं, त्यामुळे ती उलटत नाही. मिस्त्रीने आपला हात खांद्यातून वर-खाली हलवून पाहिला. कोपर थोडंच फिरलं, पंजा मात्र केवढा तरी फिरला. "अस्सं," तो म्हणाला. "म्हणून दांडी भरीव केलीय होय." त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बायकोने डेपो सुटल्यापासून पाहिलं नव्हतं.

"एकच पथ्य," भाऊ म्हणाला. "स्क्रू करकचून आवळायचा नाही. टेकला की थांबायचं आणि केसभर मागे यायचं. निळा गोंद लावलेला असतो, तो धरून ठेवतो. दांडी आडवी धरली की शॉकअप आपल्या वजनाने खाली लोंबला पाहिजे. अडकला तर चाक हवेत राहतं."

मिस्त्रीने मान डोलावली. स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा. टेकला की थांबायचं. पण टेकला हे सांगणार कोण? ते डोळ्यांना दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही. ते फक्त बोटांना कळतं.

आता भावाला सांगायला हवं होतं. पण डबा पलंगावर होता आणि सांगितलं असतं तर तो उचलला गेला असता. मग पुन्हा ती गादी आणि तो आराम. तो म्हणाला, "ठेव."

त्याने आपली वाट काढली. स्क्रू फिरेनासा होईपर्यंत फिरवायचा, मग मागे घ्यायचा आणि दांडी आडवी धरून पाहायची. शॉकअप लोंबला की झालं. प्रत्येक वेळी लोंबायचा. त्याची छाती भरून यायची. दर आठवड्याला डबा भरून जायचा, रिकामा यायचा. कुणी "आराम?" विचारलं की तो म्हणायचा, "आराम कसला, मान वर करायला फुरसत नाही."

कधी कधी स्क्रू बाहेर काढताना गोंदात चांदीसारखा बारीक कीस दिसे. त्याला काय माहीत नव्हतं? उभं आयुष्य नटबोल्टात गेलेल्या माणसाला तो कीस कसला हे सांगावं लागत नाही. दांडीच्या भोकातले आटे खरवडून निघत होते. आट्यांनीच धरलं नाही तर शॉकअप लोंबणारच. मोडलेला हातही लोंबतो. तो फडक्याने कीस पुसायचा, नव्या गोंदाचा थेंब सोडायचा आणि पुढचा स्क्रू उचलायचा.

गोंद किती दिवस तग धरणार? पहिली गाडी खाणीत चढता चढता एका कुशीवर बसली. शॉकअप दांडीतून उपटून आला होता. मग दुसरी. भाऊ चिडून आला.

"दांड्यांना ॲल्युमिनियमच मऊ वापरतोय तो लेथवाला. आटे राहतच नाहीत. आज झापला त्याला."

"असेल," मिस्त्री म्हणाला.

बायकोने सुई थांबवून नवऱ्याकडे पाहिलं. परवाच त्याने चहाचं उकळतं पातेलं चिमट्याशिवाय उतरवलं होतं आणि बोटांवर फोड आले तरी त्याच्या तोंडून हूं की चूं निघालं नव्हतं. तिच्या सुईत दोरा होताच, तरी पुन्हा ओवत बसली.

भावाने लेथवाला बदलला. नव्या दांड्या आल्या. मिस्त्रीने देव पाण्यात घालून बसवल्या. खाणीत पुढच्या सुट्टीला मोठी चढाई होती. एका जुन्या गिऱ्हाइकाची आवडती गाडी अर्ध्या कड्यावर असताना तिचा मागचा शॉकअप सुटला. गाडी दगडांवर आपटत खाली गेली आणि खाणीच्या पाण्यात बुडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आला. चिडलेला नव्हता, तेच वाईट होतं. त्याने पलंगावर एक नवी दांडी, एक शॉकअप, एक स्क्रू ठेवला.

"दादा, माझ्यासमोर एक बसव."

"परीक्षा घेतोस?"

"बसव ना."

खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. मिस्त्रीने चष्मा सारखा केला. स्क्रू चिमटीत धरायला दोनदा चुकला, तिसऱ्यांदा धरला. पाना फिरवू लागला. स्क्रू आत गेला, शॉकअपला टेकला, पाना फिरतच राहिला. भाऊ पुढे वाकला. दांडीतून 'कट्' असा बारीक आवाज आला आणि पाना एकदम हलका, मोकाट फिरला. मिस्त्रीने केसभर मागे घेतलं, दांडी आडवी धरली. शॉकअप लोंबला. त्याने सवयीने वर पाहिलं.

भावाने नुसत्या नखाने स्क्रू उपसून काढला.

"तुला कळलं नाही?"

मिस्त्रीने दोन्ही पंजे मांडीवर उलटे ठेवले. "नाही."

"कधीपासून?"

"डेपोपासून."

"अरे, मग सांगायचंस की! त्या लेथवाल्याला मी चार लोकांत चोर म्हटलं. तू इथेच बसला होतास ना, दादा?"

भावाने सुटे भाग गोळा करून डब्यात टाकायला सुरुवात केली. एकेक स्क्रू डब्यात पडताना वाजत होता.

"डबा राहू द्या, भाऊजी," बायको म्हणाली. तिने मांडीवरचा सदरा बाजूला ठेवला आणि पलंगाच्या कडेला येऊन बसली. "मला दाखवा म्हणावं यांना."

"वहिनी, हे काय बटण आहे?"

"बघू या तरी."

मिस्त्रीने सांगितलं. हे भोक, हा गोंद, एकच थेंब. तिने पाना हातात घेतला, उलटा धरला, त्याने सुलटा करून दिला. ती हळूहळू फिरवत गेली आणि मध्येच थांबली.

"टेकलं वाटतं."

"वाटतं की टेकलं?"

"टेकलं. आता केसभर मागे ना?"

शॉकअप लोंबला. भावाने नख लावलं, मग चिमट्याने ओढलं. स्क्रू जागचा हलला नाही. त्याने डबा पलंगावर परत ठेवला, पण वहिनीच्या बाजूला. "चुकलेलं बाजूला काढ वहिनी, लपवू नकोस," एवढं बोलून तो चपला घालून निघून गेला. मोठ्या भावाकडे त्याने जाताना पाहिलं नाही.

दुसरा स्क्रू तिने विचारून लावला. "एवढं बास?" मिस्त्री दांडीजवळ वाकून म्हणाला, "अजून पाव फेरा. हं, बास." तिसऱ्यालाही तिने विचारलं.

चौथ्या वेळी मिस्त्री पुन्हा वाकला. तिने पाना फिरवला, थांबली, केसभर मागे घेतला, दांडी बाजूला ठेवली आणि पुढची उचलली. "बास" म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. ते त्याने मिटलं आणि मागे सरकून पलंगावर टेकून बसला.