दुधीचा लिलाव

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारी राहणाऱ्या आंटी भाजीवाल्याशी चार आण्यांसाठी अख्खी गल्ली जागी करायच्या. पगार आला की आधी दशांश चर्चसाठी बाजूला, मग उरलेल्यात घर. घरोघरी हप्त्यांवर रंगीत टीव्ही आले, तेव्हा तुम्ही का घेत नाही, असं मी त्यांना विचारलंही.

"अगं, पैसा देवाचा, आपण नुसते कारभारी," त्या म्हणाल्या. "कारभाऱ्यानं मालकाच्या नावावर उधारी कशी करायची?"

मला तो चिक्कूपणाच वाटायचा. साध्या मिक्सरसाठी त्या दोन वर्षं डब्यात पैसे टाकत होत्या.

अखेर डबा भरला. त्या रविवारी चर्चमध्ये हंगामाचा सण होता. परतताना मिक्सर घ्यायचा, म्हणून पैसे रुमालात बांधून त्या मलाही घेऊन गेल्या. लोकांनी शेतातलं, परसातलं देवापुढे आणलं होतं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव चालला होता. एका साहेबांचा केळीचा घड चढाओढीनं गेला. मग एका म्हातारीचा सुकलेला दुधी आला. कुणीच बोली लावेना. म्हातारी खाली मान घालून पदराशी चाळा करत बसली.

"शंभर!" आंटी ओरडल्या.

मागून कुणीतरी हसलं. आंटींनी वळून पाहिलं आणि स्वतःच्याच बोलीवर बोली चढवली, "दोनशे!"

म्हातारीनं मान वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून पाट्यावर चटणी वाटल्याचा आवाज आला. तेवढ्यात दारात भाजीवाला आला आणि वरवंटा थांबला.

"दुधी दोन रुपयांना?" आंटी कडाडल्या. "लुटायला बसलास काय रे?"