पिवळ्या बेल्टची परीक्षा

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोतल्या आमच्या अपार्टमेंटच्या भिंती इतक्या पातळ होत्या, की कुकरची शिट्टी झाली तरी मला धडकी भरायची. खालच्या बाईंनी मॅनेजरकडे दोनदा तक्रार केली होती. तेव्हापासून लेक जरा मोठ्याने बोलली, की माझं बोट ओठांवर आणि तोंडात ‘शू!’. नऊ वर्षांची पोर, गुणाची. निमूट ऐकायची.

स्कूलबसमध्ये मागे बसणारी एक मुलगी रोज तिची वेणी ओढते, हे मला दोन महिन्यांनी कळलं. तेही विंचरताना केसांची मुळं लाल दिसली म्हणून.

“अगं, ओरडायचंस ना! ड्रायव्हरला कळणार कसं?” मी चिडले.

“आय कान्ट, आई,” ती पुटपुटली.

जवळच एक कोरियन सर तायक्वांदो शिकवायचे. चपला दाराशी काढायच्या, सरांना वाकून नमस्कार करायचा. एवढ्यावरच मी खूश झाले आणि तिचं नाव घातलं. चार महिन्यांत तिची पाठ ताठ झाली, भूक वाढली, लाथ माझ्या खांद्यापर्यंत जाऊ लागली. पण प्रत्येक लाथेबरोबर पोटातून ओरडायचं असतं, ते काही तिला जमेना. बसमध्ये वेणी ओढणं चालूच होतं. रोज तीन वाजले की मी खिडकीत उभी, बसची वाट बघत.

“नो शाउट, नो येलो बेल्ट,” सरांनी मला बजावलं. मग विचारलं, “घरी कोण ओरडतं?”

“कोणीच नाही,” मी अभिमानाने सांगितलं. गाडी चालवत घरी येताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्या बेल्टची गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली. “परीक्षा तुझी आहे की तिची?” नवऱ्याने चिडवलं. मला हसूही येईना.

पहिली लाथ, आवाज नाही. दुसरी, तेच. सरांनी नकारार्थी मान हलवली. मी देवाचं नाव घेत होते.

तिसऱ्या लाथेला ती ओरडली. अख्खा हॉल दणाणला. मी केवढी दचकले!

लेक माझ्याकडेच बघत होती. तेव्हा मला कळलं, माझं बोट ओठांवर होतं.

तिने त्या बोटाकडे नीट पाहिलं, आणि पुन्हा ओरडली. आणखी मोठ्याने.